खिशातलं रोम

तुमच्या पाकिटात दहा रुपयांचं नाणं असेल तर ते बाहेर न काढता सांगा, सिंहांच्या उलट बाजूला काय आहे? नाही ना आठवत? मलाही नव्हतं आठवलं. टपरीवर क्यूआर कोड स्कॅन करून कटिंग पिणारी आपली पिढी. नाण्याकडे बघतो कोण!

दोन हजार वर्षांपूर्वी मात्र लोक बघायचे. टीव्ही नव्हता, पेपर नव्हता. राजा दिसतो कसा, लढाई कोणी जिंकली, पुढचा वारस कोण, हे दूरच्या गावातल्या माणसाला कळायचं ते तळहातावर पडलेल्या चांदीच्या चकतीवरून. कोटाच्या बटणाएवढी चकती, नाव देनारियस. अरबांचा दिनार आणि आपल्या संस्कृतातला ‘दीनार’ या शब्दाचं मूळही तेच.

ऑक्टोबर 2023 मध्ये मी रोमला गेले, तेव्हा लिस्टवर कलोसियम होतं, जिलातो होतं, आणि मोबाइलमध्ये एका देनारियसचे दोन फोटो होते. त्या एका नाण्यावरून आमच्या घरात दोन सख्खे भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

आबांचं नाणं

आबा म्हणजे माझे आजोबा. पुण्यात पोस्टात नोकरी आणि दर रविवारी जुन्या बाजाराची वारी. पितळी कुलपं, बंद पडलेली घड्याळं, काय वाट्टेल ते घरी यायचं. अशाच एका रविवारी हे नाणं आलं. विकणारा म्हणाला होता, ‘आंध्रात शेत नांगरताना सापडलंय.’ एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला माणूस. दुसऱ्या बाजूला दोन मुलं शेजारी शेजारी उभी, मध्ये दोन ढाली आणि भाले.

‘रोमन आहे, ख्रिस्ताच्या वेळचं,’ आबा आल्यागेल्याला सांगायचे. आजी आतून म्हणायची, ‘त्या पैशात दोन पातेली आली असती.’

2021 मध्ये आबा गेले. काकांना कोणीतरी सांगितलं की असलं नाणं लाखांत जातं. काका म्हणाले, विकू आणि निम्मे निम्मे करू. बाबा म्हणाले, आबांची आठवण विकायची नाही. मग नको ते शब्द बोलले गेले. ‘आयुष्यभर तूच लाडका होतास’पासून सुरुवात झाली आणि शेवटी मोबाइलवर एक ओळ आली... काका हॅज लेफ्ट द ग्रुप.

नाणं मी सोबत नेलं नव्हतं. आपल्याकडे 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं असं खिशात घालून देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून फक्त फोटो. रोममध्ये खरं नाणं बघायचं आणि आमचं ताडून घ्यायचं, एवढाच प्लॅन.

‘मनी’चा पत्ता

पहिल्या दिवशी कॅपिटोलिन टेकडी. तिथल्या सांता मारिया इन आराचेली चर्चच्या सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढताना माझी पर्वती झाली. वर आल्यावर धापा टाकत वळलात की खाली अख्खं शहर. टेकडीच्या याच भागात जूनो मोनेटा या देवीचं मंदिर होतं, इसवीसनपूर्व 344 मध्ये बांधलेलं. त्याला लागूनच रोमची टांकसाळ. देवीच्या नावावरून टांकसाळीला मोनेटा म्हणायला लागले आणि तोच शब्द फिरत फिरत इंग्रजीत ‘मनी’ झाला. म्हणजे महिनाअखेरीला आपण ज्याच्या नावाने रडतो, त्याचा पत्ता हा!

मंदिर आता नाही. पण ते काय करायचं याचं चित्र एका नाण्यावरच आहे. इसवीसनपूर्व 46 मध्ये टायटस कॅरिसियस नावाच्या टांकसाळ अधिकाऱ्याने देनारियस पाडला. त्याच्या एका बाजूला मोनेटा देवीचं मुख आणि दुसऱ्या बाजूला ऐरण, हातोडा आणि सांडशी. नाणं कसं बनतं हे सांगणारं नाणं. गरम चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवायची आणि हातोड्याचा घाव घालायचा. प्रत्येक नाणं हाताने पाडलेलं. त्यामुळे छाप कधी मधोमध, कधी घसरलेला, कधी राजाचं नाकच गायब. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे टांकसाळ अधिकारी कोण असायचे? चांगल्या घरातली तरुण मुलं. राजकारणातल्या करिअरची ही पहिली पायरी, म्हणजे आपल्या भाषेत फर्स्ट जॉब. दरवर्षी तिघं. आणि फर्स्ट जॉबवाल्याच्या हातात देशाचं सगळ्यात मोठं माध्यम दिल्यावर तो काय करणार? स्वतःच्या घराण्याची जाहिरात! सेक्स्टस पॉम्पेयसने इसवीसनपूर्व 137 च्या सुमाराला नाण्यावर काय आणलं, तर रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांना दूध पाजणारी लांडगीण. आणि बाजूला ती जुळी ज्याला सापडली तो मेंढपाळ फॉस्ट्युलस. का? तर साहेबांच्या घराण्याचं एक नाव फोस्ट्लस! रोमच्या जन्मकथेत आपला पूर्वज घुसवून दिला. लिंक्डइनवर आपण तरी वेगळं काय करतो?

खंजीर आणि टोपी

तिथून दहाएक मिनिटं चालत लार्गो आर्जेंतिना. चारी बाजूंनी ट्रॅम आणि बसचा गोंगाट, मध्ये खोल खड्ड्यात चार पडक्या देवळांचे अवशेष आणि त्यांवर ऊन खात पसरलेली मांजरं. 2023 च्या जूनपासून खाली उतरून फिरता येऊ लागलं, म्हणून मी लकी. इथेच, पॉम्पीच्या सभागृहात, इसवीसनपूर्व 44 च्या 15 मार्चला ज्युलियस सीझरला भोसकलं गेलं.

खुनाच्या थोडंच आधी सीझरने एक धाडस केलं होतं. तोवर रोमच्या नाण्यांवर देव असायचे, पूर्वज असायचे. जिवंत माणूस नसायचा. सीझरने स्वतःचा चेहरा आणला. राजा व्हायची ही चिन्हं, असं विरोधकांना वाटलं असणार.

पण खरी गंमत पुढे आहे. सीझरला मारणाऱ्या ब्रूटसनेही नंतर सैन्याचे पगार करायला नाणी पाडली. एका बाजूला दोन खंजीर, त्यांच्या मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाला मिळणारी टोपी आणि खाली लिहिलंय ‘एइद मार’, म्हणजे 15 मार्च. खुनाची तारीख अभिमानाने छापलेली! अर्थ सरळ : आम्ही रोमला मोकळं केलं. आणि दुसऱ्या बाजूला कोण? ब्रूटस स्वतः. ज्या चेहऱ्यासाठी सीझरवर राग, तोच मोह स्वतःलाही आवरला नाही.

याच छापाचं एक सोन्याचं नाणं 2020 मध्ये लंडनच्या लिलावात 27 लाख पौंडांच्या बोलीला गेलं. पुढे उघड झालं की ते कुठून आलं याची कागदपत्रं बनावट होती. 2023 मध्ये नाणं ग्रीसला परत केलं गेलं. नाणं खरं, गोष्ट खोटी. हॉटेलवर हे वाचताना मला उगाच जुन्या बाजारातला तो ‘आंध्रातलं शेत’ म्हणणारा माणूस आठवला.

भिंगाखाली

शनिवारी पालाझ्झो मास्सिमो. तेर्मिनी स्टेशनसमोरचं हे म्युझियम बहुतेक टूरवाले गाळतात. वरच्या मजल्यांवर सुंदर भित्तिचित्रं आहेत, पण मी थेट तळघरात गेले. बँकेच्या लॉकर रूमसारखी जागा. इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल हा नाणीवेडा होता. त्याने जमवलेली लाखाहून जास्त नाणी 1946 मध्ये गादी सोडताना देशाला दिली, तीही याच म्युझियमकडे आहेत. काचेवर सरकणारी भिंगं बसवलीयत. बटण दाबायचं, भिंग पुढे सरकतं, आणि नखाएवढा चेहरा एकदम समोर येतो.

पहिले देनारियस इसवीसनपूर्व 211 च्या सुमाराचे. हॅनिबलशी युद्ध चालू, तिजोरीला गळती, तेव्हा हे नवं चलन आलं. शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि मागे घोडे उधळत निघालेले कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे भाऊ. पुढे व्हेस्पेसियनचं एक नाणं : खजुराचं झाड किंवा जिंकलेली शस्त्रं, शेजारी जमिनीवर बसून डोक्याला हात लावलेली एक बाई. खाली लिहिलंय ‘युडेआ’. इसवीसन 70 मध्ये जेरुसलेम पाडलं, त्याची ही विजयाची जाहिरात. रोमन सैनिकाला त्यात जिंकणं दिसत असेल. मला फक्त रडणारी बाई दिसली. आणि हे नाणं तिच्याच गावात कोणाच्या तरी हातावर भाजीचे सुटे म्हणून पडलं असेल, या विचाराने पुढचं भिंग सरकवायला थोडा वेळच लागला.

ओळीने बघत गेलात की आणखी एक गोष्ट कळते. ऑगस्टसच्या काळातली चांदी जवळजवळ शुद्ध. इसवीसन 64 मध्ये नीरोने वजन कमी केलं आणि तांबं मिसळलं. इसवीसन 200 च्या आसपास नाण्यात जेमतेम निम्मी चांदी. त्यानंतर सत्तर वर्षांनी चांदी पाच टक्क्यांच्याही खाली, तांब्यावर नुसता मुलामा. पण चित्रं बघा! सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट आणि मागे ‘शांती’, ‘विपुलता’, ‘सैन्याची निष्ठा’. जितकी चांदी कमी, तितका मजकूर जोरात. कंपनीत इन्क्रिमेंट नसतं त्या वर्षी वॉल ऑफ फेम लागते, तसं.

आणि मग ते दिसलं. पानांचा मुकुट घातलेला ऑगस्टस. मागे दोन मुलं, ढाली, भाले. मी मोबाइल काचेला टेकवला. तेच! वरचा पळा तोच, पुजाऱ्याची वाकडी काठी तीच. माझ्या हाताला घाम फुटला होता.

ही मुलं म्हणजे गायस आणि ल्युशियस. ऑगस्टसच्या मुलीची मुलं. त्याने दोघांना दत्तक घेऊन वारस केलं आणि इसवीसनपूर्व 2 च्या सुमारापासून लुगदुनम, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लिऑनच्या टांकसाळीतून ही नाणी प्रचंड संख्येने पाडली. त्यांतली पुष्कळ थेट आपल्याकडे आली. मिरी, मोती, तलम कापड घ्यायला रोमन व्यापारी येत आणि चांदी मोजत. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीने केलीय, म्हणजे सव्वा कोटी देनारियस. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीत दोनच छापांची गर्दी असते. एक ऑगस्टसचा हा, दुसरा टायबेरियसचा.

आंध्र! शेत! सगळं जुळत होतं. मी तिथूनच फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. बाबांचा फोन आला, आवाज चढलेला. ‘बघ! आबा सांगत होते ना? कळू दे आता त्याला!’ ‘त्याला’ म्हणजे काकांना.

पाच युरोला एक

रविवारी सकाळी पोर्ता पोर्तेसे. हा रोमचा जुना बाजार. त्रास्तेव्हेरेच्या टोकाला, फक्त रविवारी, आणि शप्पथ सांगते, आबा इथे हरवले असते. पितळी कुलपं, बंद घड्याळं, जुन्या चपला, सगळं तेच. एका म्हाताऱ्याच्या टेबलावर ताटलीत नाण्यांचा ढीग. ब्रूटसचे खंजीर, लांडगीण, ऑगस्टस. पाच युरोला एक. मी गायस-ल्युशियसवाली दोन उचलली आणि उगाच शेजारी शेजारी धरली.

दोन्हींवर ऑगस्टसच्या गालावर ओरखडा. एकाच जागी, एकाच लांबीचा. दोन्हींवर छाप डावीकडे सारखाच घसरलेला.

हातोड्याने पाडलेली दोन नाणी अशी सारखी असूच शकत नाहीत. ओरखडाच साच्यात होता. खऱ्या नाण्यावरून साचा घ्यायचा, त्यात धातू ओतायचा. मग कडेला, जिथे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे, गोल बारीक रेघ राहते. मी कड फिरवून बघितली. होती. म्हाताऱ्याने माझं तोंड बघून हसत म्हटलं, ‘सुवेनीर, सिन्योरिना!’ तो फसवत नव्हता. त्याची ताटली उघड होती.

माझ्याकडे आबांच्या नाण्याचे दोनच फोटो होते, पुढचा आणि मागचा. कडेचा नव्हता.

पुण्यात दुपार झाली होती. मी बाबांना मेसेज केला : नाण्याच्या कडेचा फोटो पाठवा, खिडकीत धरून. आणि सोनाराकडे वजन केलं होतं ते किती भरलं होतं? फोरमच्या रांगेत असताना फोटो आला. खाली वजन, 2.9 ग्रॅम. खरा या छापाचा देनारियस पावणेचारच्या आसपास भरतो. मी फोटो मोठा केला. कडेवर रेघ होती. सगळीकडून गोल, केसाएवढी.

चौदा वर्षांचा वारस

फोरममध्ये गर्दी मावत नव्हती. कॅस्टर-पोलक्सच्या मंदिराचे तीन उंच खांब दिसतात, पहिल्या देनारियसवरच्या त्याच घोडेस्वारांचं हे घर. समोरच्या बाजूला बॅसिलिका एमिलियाची पडझड. तिच्या संगमरवरी फरशीवर हिरवट डाग आहेत. इसवीसन 410 मध्ये गॉथ सैन्याने रोम लुटलं तेव्हाच्या आगीत तांब्याची नाणी वितळून दगडाला चिकटली, त्याचे डाग म्हणतात. राजे, देव, घोषणा, सगळं एका हिरव्या ठिपक्यात.

आणि तिथेच कोपऱ्यात एक भला मोठा कोरीव दगड. रुंद, देखणी अक्षरं. ल्युशियस सीझर, ऑगस्टसचा मुलगा, तरुणांचा अग्रणी. आबांच्या नाण्यावरचा डावीउजवीकडचा एक मुलगा! सिनेटने हा मान दिला तेव्हा तो 14 वर्षांचा होता, आणि पुढे कॉन्सल होणार हे तेव्हाच ठरलेलं. नववीतल्या पोराला भावी मंत्री जाहीर करण्यासारखं.

इसवीसन 2 मध्ये ल्युशियस मासेय इथे आजारी पडून गेला. इसवीसन 4 मध्ये गायस लढाईतल्या जखमेनंतर गेला. दोघांनाही गादी मिळाली नाही. ती टायबेरियस या सावत्र मुलाला मिळाली. पण नाणी लोकांच्या खिशात फिरतच राहिली, समुद्र ओलांडून दक्षिणेतल्या मडक्यांत जाऊन बसली. आजोबाने छापलेली आशा खोटी निघाली, चांदी मात्र खणखणीत होती.

आमच्या आजोबांचं उलटं. चांदी हलकी, साचा बाजारातला. आणि त्यावर शेजारी शेजारी उभे असलेले दोन भाऊ कोणी घडवून आणले, तर आबांनीच. दोन्ही मुलांना रविवारी सायकलवर डबलसीट, ट्रिपलसीट जुन्या बाजारात न्यायचे, ही गोष्ट बाबा आणि काका दोघंही सांगतात. वेगवेगळी बसून.

मी त्या दगडाशेजारी बसून बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. रेघ, वजन, ओरखडा. हेही सांगितलं की नाणं खरं असतं तरी लाख वगैरे नव्हते मिळणार. हा छाप इतका पाडलाय की बाजारात काही शे युरोत मिळतो. पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कटला.

‘म्हणजे दोन वर्षं आम्ही...’ बाबा म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, ‘त्याला तू सांगतेस का? माझा फोन तो उचलायचा नाही.’

काकांनी माझा फोन दुसऱ्या रिंगला उचलला. सगळं ऐकून घेतलं. मी वाट बघत होते की आता ते बाबांवर घसरणार. ते फक्त म्हणाले, ‘आपलंच नाणं खोटं, दुसऱ्याला काय बोलायचं?’ आणि हसले. आबांसारखंच, खोकत खोकत. मग विचारलं, ‘ते दोघं पोरं कोण होते म्हणालीस?’

त्या दिवाळीत काका फराळाला आले. नाणं आता शोकेसमध्ये आहे, शेजारी पोर्ता पोर्तेसेचं पाच युरोवालं. दोघांच्या कडेला रेघ आहे. आलेल्या पाहुण्याला काका दोन्ही हातात देतात आणि म्हणतात, ‘ओळखा बरं, रोमचं कुठलं आणि पुण्याचं कुठलं?’ अजून कोणाला ओळखता आलेलं नाही.

जाणार असाल तर...

* पालाझ्झो मास्सिमो सोमवारी बंद असतं. तळघरातला नाण्यांचा विभाग चालू आहे का, हे निघण्याआधी बघून घ्या.
* पोर्ता पोर्तेसेला रविवारी सकाळीच पोचा. दुपारनंतर बाजार आवरतो. पाकीट पुढच्या खिशात!
* सुवेनीर म्हणून नकला खुशाल घ्या. ‘खरं आहे’ म्हणणाऱ्याकडून मात्र काही घेऊ नका. पुरातन वस्तू इटलीबाहेर न्यायला सरकारी परवाना लागतो.
* नाणं हातात आलं की आधी चित्र नाही, कड बघा.
* रोम लांब वाटत असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं म्युझियम आहे आणि मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं. नाशिकजवळच्याच जोगळटेंभीला 1906 मध्ये चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला होता. नहपान राजाचा चेहरा असलेल्या त्या नाण्यांपैकी बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारून घेतला होता. नवी नाणी पाडायची कशाला, जुन्या चेहऱ्यावरच घाव घालायचा. जाहिरातीची ही अक्कल आपल्याकडेही होतीच की!